खाजगी शिकवणी : कोरियातील एका रांगेचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "शिकवणीवर व्याख्यान? अहो, शिकवणीची फी भरूनच आम्ही तिथे येणार. त्यात इतिहास कसला सांगणार?" त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या गोष्टीसाठी घराघरांतून दरमहा पैसे मोजले जातात आणि जिच्यापायी मुलांची संध्याकाळ व आईबापांची झोप खर्ची पडते, तिच्याविषयी आपण तक्रार पुष्कळ करतो. परंतु ती कशी जन्मली आणि कशी वाढली, याचा विचार फारसा करीत नाही.

शिकवणीचा विषय निघाला की तीन उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतात, शाळेत शिकवीत नाहीत म्हणून शिकवणी लागते. कोणी म्हणतात, पालकांची हौस भलतीच वाढली आहे. आणि कोणी म्हणतात, शिकवणी घेणाऱ्यांनी हा धंदा मांडला आहे. तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. पण ती पुरी आहेत काय, हे घरबसल्या ठरविता येत नाही. कारण त्यासाठी प्रयोग करून पाहावा लागेल : परीक्षा बंद करून पाहावी, शाळा सारख्या करून पाहाव्यात, शिकवणीला कायद्याने मनाई करून पाहावी. असे प्रयोग एका देशाने खरोखरच केले. तो देश म्हणजे दक्षिण कोरिया. आज त्याच देशाची गोष्ट मी आपणापुढे मांडणार आहे.

परीक्षेचा जुना वारसा

परीक्षा देऊन मोठे व्हावे, ही कल्पना कोरियात फार जुनी. इ. स. ९५८ मध्ये ग्वांगजोंग नावाच्या राजाने चीनच्या धर्तीवर राज्यकारभारातील अधिकारी निवडण्यासाठी परीक्षा सुरू केली, आणि ती पद्धत १८९४ पर्यंत टिकली. नऊशेहून अधिक वर्षे! खेडोपाडी आपल्या पंतोजींच्या शाळेसारख्या छोट्या शाळा असत. गुरुजींना धान्य मिळे आणि मुले चिनी ग्रंथ घोकीत. नियमाने पाहिले तर सामान्य रयतेलाही परीक्षेचे दार पुष्कळसे उघडे होते. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे अभ्यास करण्याची सवड 'यांगबान' नावाच्या वरिष्ठ वर्गालाच होती. तरीही एक समजूत समाजाच्या हाडीमासी रुजली : मान, अधिकार आणि सुखाची भाकरी यांचा रस्ता परीक्षेच्या मांडवातून जातो.

पुढे १९१० ते १९४५ पर्यंत कोरियावर जपानचे राज्य होते. त्या काळात माध्यमिक शाळांतील जागा मोजक्या आणि साऱ्या देशात सरकारी विद्यापीठ एकच. तेथेही कोरियन मुलांपेक्षा जपानी मुलांची संख्या अधिक. म्हणजे भूक जुनी आणि ताट हिरावून घेतलेले, अशी स्थिती पस्तीस वर्षे राहिली. १९४५ साली देश स्वतंत्र झाला आणि त्याचे दोन तुकडेही झाले. १९५० ते १९५३ या काळात भयंकर युद्ध झाले. दक्षिण भागात त्याच सुमारास जमीनसुधारणेचा कायदा अमलात आला. सुमारे साडेसात एकरांवर कोणी शेतजमीन ठेवू नये, असा निर्बंध आला. जमीनदारांना मिळालेल्या रोख्यांची किंमत युद्धकाळातील महागाईने जवळजवळ धुऊन नेली.

हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो आहे. ज्या समाजात जमीन, वाडे आणि पेढ्या शाबूत असतात, तेथे बापाला मुलासाठी काहीतरी मागे ठेवता येते. येथे बहुतेकांची पाटी एकदमच कोरी झाली. मुलाला द्यावे असे एकच धन उरले, ते म्हणजे पदवी. शेतकऱ्यांनी बैल विकून मुलांच्या फिया भरल्या. त्या काळी तेथील लोक विद्यापीठाला चेष्टेने 'बैलांच्या हाडांचा मनोरा' म्हणत. ही चेष्टा ज्या घरातला बैल गेला, त्या घराला किती झोंबली असेल, याची कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावी लागणार नाही.

मुळ्याच्या रसाचा खटला

सरकारने सहा वर्षांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९५०–६० च्या दशकाअखेर जवळजवळ सर्व मुले शाळेत येऊ लागली. एका वर्गात साठाहून अधिक मुले बसत. परंतु सहावीनंतरच्या शाळा थोड्या आणि त्यांतही नामांकित शाळा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत शिरण्यासाठी प्रवेशपरीक्षा असे. बारा वर्षांच्या मुलाने एक दिवस लिहिलेल्या उत्तरांवर त्याची शाळा ठरायची; त्या शाळेवर पुढची शाळा, तिच्यावर विद्यापीठ आणि विद्यापीठावर नोकरी. अर्थातच शिकवणी लागली. पुष्कळदा ती वर्गशिक्षकच घेत, आणि शिक्षकांची मर्जी राखण्यासाठी शाळेत येरझाऱ्या घालणाऱ्या मातांच्या उठबशीला लोकांनी 'घागऱ्याचा वारा' असे नाव दिले होते.

७ डिसेंबर १९६४ रोजी सोल शहरात अशीच प्रवेशपरीक्षा झाली. विज्ञानाच्या भागात एक प्रश्न होता. कोरियात 'यॉत' नावाचा चिक्कीसारखा गोड पदार्थ करतात. भात शिजवून त्यात मोड आणून वाळवलेल्या जवाचे पीठ मिसळतात. त्या पिठातील द्रव्याने भाताच्या पिष्टाची साखर होते आणि मग तो रस आटवतात. प्रश्न असा होता की, या जवाच्या पिठाऐवजी दुसरे काय घालता येईल? परीक्षकांचे उत्तर होते 'डायस्टेज'. परंतु पर्यायांमध्ये 'मुळ्याचा रस' हाही एक होता; आणि मुळ्यात डायस्टेज असते, असे मुलांनी पाठ्यपुस्तकातच वाचलेले होते!

एका गुणाने ज्यांची मुले नामांकित शाळेबाहेर राहिली, त्या पालकांनी काय केले असेल? त्यांनी घरी मुळ्याचा रस काढून खरोखरच यॉत शिजविला आणि पातेली घेऊन ते शिक्षणखात्याच्या कचेरीत गेले. 'हा घ्या, खाऊन पाहा,' असा त्यांचा पवित्रा. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च १९६५ मध्ये न्यायालयाने मुळ्याचा रसही बरोबर ठरविला, आणि अडतीस मुलांना त्यांच्या पसंतीच्या शाळेत प्रवेश द्यावा लागला. शिक्षणखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले.

ऐकताना आपल्याला हसू येते. पण क्षणभर त्या पातेल्यापाशी उभ्या असलेल्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तिला ठाऊक होते की, आपल्या मुलाला विज्ञान येते. त्याचे ज्ञान कमी पडले नव्हते. रांगेतला नंबर एका जागेने हुकला होता. ज्या व्यवस्थेत एका गुणाला सबंध आयुष्याचे मोल येते, तेथे तो एक गुण मिळविण्यासाठी घर वाटेल तेवढा खर्च करील. त्याला वेड म्हणता येणार नाही. तो व्यवहार आहे.

दार हलले, रांगही हलली

प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. मुलांची प्रकृती, रात्रीची जागरणे आणि शिकवणीचा खर्च यांविषयी ओरड वाढत गेली. अखेर पार्क चुंग-ही यांच्या सरकारने १५ जुलै १९६८ रोजी जाहीर केले की, माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा रद्द! १९६९ मध्ये सोलमध्ये आणि १९७१ पर्यंत देशभर ही योजना लागू झाली. मुलांनी हाताने फिरवायच्या यंत्रातून गोळी काढायची आणि नशिबात येईल ती आपल्या भागातली शाळा पत्करायची. सोलमधील काही नामांकित माध्यमिक शाळा तर सरकारने बंदच केल्या, म्हणजे नावाचा मोहच उरू नये.

या सुधारणेचे श्रेय द्यावयास हवे. बारा वर्षांच्या मुलांच्या मानेवरचे जोखड उतरले, आणि माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या पुढील दशकात झपाट्याने वाढली. परंतु शिकवणी गेली काय? ती तीन वर्षे पुढे सरकली. आता उच्च माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा हे अरुंद दार झाले, आणि शिकवणीचे वर्ग त्या दाराशी जाऊन बसले. म्हणून १९७४ मध्ये सोल व बुसान या शहरांत आणि नंतर इतर शहरांतही, त्या शाळांचे प्रवेशही चिठ्ठ्या टाकून होऊ लागले. याला तेथे 'समानीकरण' म्हणतात.

मग आणखी एक गंमत झाली. सोल शहर हान नदीच्या दक्षिणेला, गंगनम नावाच्या नव्या भागात वाढत होते. तेथे वस्ती व्हावी म्हणून सरकारने जुन्या नामांकित शाळा तिकडे हलविल्या. त्यांतली सर्वांत मानाची ग्यॉन्गी शाळा १९७६ साली गेली. आता शाळा राहत्या भागावरून मिळणार. तेव्हा ज्याला परवडेल त्याने त्या भागात घर घ्यावे. घरांच्या किमती चढल्या. जी निवड पूर्वी प्रश्नपत्रिकेने होत होती, तिच्यातला काही भाग आता घरभाड्याने होऊ लागला. शिकवणीच्या वर्गांनीही पुढे त्याच भागात बिऱ्हाड केले.

विद्यापीठाचे दार मात्र होते तेवढेच अरुंद राहिले. साऱ्या देशातील मुले तेथे एकत्र येऊन भिडू लागली. 'चार तास झोपाल तर पास, पाच तास झोपाल तर नापास,' अशी म्हणच पडली. नापास झालेली मुले वर्षभर पुन्हा तयारी करीत. आणि बड्या शिकवणीवर्गांत गर्दी एवढी की, त्या वर्गांत प्रवेश मिळण्यासाठीदेखील परीक्षा द्यावी लागे.

शिकवणीला कायद्याने बंदी

१९८० साली सैन्यातील चुन दू-ह्वान यांनी सत्ता हाती घेतली. लष्करी राजवटीला लोकांच्या मनात जागा हवी होती, आणि शिकवणीचा खर्च ही प्रत्येक घराची दुखरी जागा होती. ३० जुलै १९८० रोजी हुकूम निघाला. विद्यापीठांनी आपापली प्रवेशपरीक्षा घेऊ नये. विद्यार्थ्यांची संख्या वाढवावी. आणि शाळेत शिकणाऱ्या कोणत्याही मुलाने खाजगी शिकवणी घेऊ नये. हुकूम मोडील तो शिक्षक, शिकणारा मुलगा आणि त्याचे आईबाप असे तिघेही शिक्षेस पात्र. सरकारी नोकराच्या मुलाची शिकवणी पकडली गेली तर बापाची नोकरी धोक्यात येई.

लष्करी राजवट, कडक पोलीस आणि लोकांचाही आरंभी पाठिंबा! याहून अनुकूल परिस्थिती बंदीला कोणती हवी? दूरचित्रवाणीवरून धडे देण्याची सोयही १९८१ पासून करण्यात आली. तरीसुद्धा झाले काय? शिकवणी नाहीशी झाली नाही, ती लपली. रात्री पडदे ओढून शिकवणारे आले, नातेवाईक म्हणून घरात राहणारे मास्तर आले, गावाबाहेरच्या बंगल्यांत आणि मोटारीत बसूनही पाठ चालले. विद्यापीठातील विद्यार्थी चोरून शिकवीत. त्यालाही एक वेगळा शब्द भाषेत रूढ झाला. आणि जोखीम वाढली म्हणून दर वाढला. पूर्वी मध्यम स्थितीतल्या माणसाला परवडणारी वस्तू आता पैसेवाल्याचीच झाली. जी बंदी समतेच्या नावाने आली, तिने विषमतेला आडोसा दिला.

हळूहळू सरकारलाच गाठी सैल कराव्या लागल्या. १९८९ मध्ये विद्यापीठातील विद्यार्थ्यांना शिकवणी घेण्याची मोकळीक मिळाली. पुढे वर्गांवरचे निर्बंधही ढिले झाले. अखेर २७ एप्रिल २००० रोजी तेथील घटना-न्यायालयाने बंदीचे उरलेसुरले कलमही घटनाविरोधी ठरविले. आपल्या मुलाला कसे शिकवावे हे ठरविण्याचा पालकांना हक्क आहे, आणि थोड्यांचा अतिरेक रोखण्यासाठी सर्वांनाच मनाई करणे प्रमाणाबाहेर आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

त्यानंतरही उपाय थांबले नाहीत. २००४ पासून सरकारी शैक्षणिक वाहिनीने परीक्षेची तयारी घरबसल्या देण्यास सुरुवात केली. सोलमध्ये रात्री दहानंतर वर्ग बंद ठेवण्याचा नियम झाला. २००९ मध्ये न्यायालयाने तो वैध ठरविला, आणि नियम मोडणाऱ्यांची खबर देणाऱ्यास बक्षीसही लावण्यात आले. परिणाम काय झाला? २०२४ या वर्षी, सरकारच्याच पाहणीप्रमाणे, कोरियातील शंभरांपैकी ऐंशी शाळकरी मुले कसली ना कसली शिकवणी घेत होती, आणि त्यावर वर्षाला २९ लाख कोटींहून अधिक वॉन खर्च झाले. मुलांची संख्या आदल्या वर्षापेक्षा घटलेली होती, खर्च मात्र वाढलेला होता. श्रीमंत घरे दर मुलामागे गरीब घरांच्या तिपटीहून अधिक खर्च करीत होती.

मग पालक शिकवणी का लावतात?

आता आपण आरंभीच्या तीन उत्तरांकडे परत येऊ.

शाळा वाईट म्हणून शिकवणी लागते, असे म्हणावे, तर कोरियातील शाळा निरनिराळ्या देशांच्या तुलनेत वरच्या क्रमांकात गणल्या जातात. साठांहून अधिक मुलांच्या वर्गाच्या जागी आज विशीच्या आसपासचा वर्ग आहे. शाळा सुधारल्या, तरी शिकवणी वाढली. तेव्हा हे उत्तर अपुरे आहे. जो मुलगा मागे पडला आहे त्याला हात देणारी शिकवणी शाळा सुधारल्याने कमी होईल. पण जो पुढे आहे, त्याने पुढेच राहावे म्हणून जी शिकवणी लावली जाते, ती शाळेच्या सुधारणेने हटत नाही. या दोन शिकवण्यांना नाव एकच आहे, एवढेच.

शिकवणारे लोभी आहेत म्हणावे, तर गिऱ्हाईक नसताना दुकान चालत नाही. पोलिसांनी दुकाने बंद केली, तेव्हा गिऱ्हाइकांनी अंधारात दुकान शोधून काढले.

पालक हौशी आहेत म्हणावे, तर मुळ्याचा रस आटवणारी ती आई आठवावी. जत्रेतल्या तमाशात पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला की मागच्याला उभे राहावेच लागते. थोड्या वेळात सारा मांडव उभा. कोणालाही पहिल्यापेक्षा अधिक दिसत नाही आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात. अशा वेळी एखाद्या माणसाला 'तू खाली बस' म्हणून उपदेश करणे सोपे आहे. पण तो बसला तर त्याला काहीच दिसणार नाही, आणि हे तो चांगले जाणतो. पालकाची अवस्था अशीच असते. त्याला शिकवणीवर फार श्रद्धा असते असे नाही. शेजारच्या मुलाला आहे आणि आपल्या मुलाला नाही, उद्या मुलाने विचारले तर काय सांगावे, ही धास्ती त्याला असते. ही धास्ती लहान वयापर्यंत उतरते. २०२४ च्या त्या पाहणीत शिकवणीचे सर्वांत मोठे प्रमाण प्राथमिक शाळेतल्या मुलांत आढळले. ज्यांची मोठी परीक्षा अजून कित्येक वर्षे दूर आहे, त्यांच्यात!

येथे कोणी म्हणेल, दार रुंद केले तर? कोरियाने तेही केले. १९८१ पासून विद्यापीठांतील जागा वाढल्या, १९९५ नंतर नवी विद्यापीठे काढणे सोपे झाले. २००८ च्या सुमारास शाळा संपविणाऱ्या शंभरांतील ऐंशीहून अधिक मुले उच्च शिक्षणाकडे जात होती. पण तोवर पदवी सर्वांचीच झाली, आणि प्रश्न कोणत्या विद्यापीठाची पदवी असा झाला. तीन विद्यापीठांच्या नावांची आद्याक्षरे जोडून लोकांनी 'स्काय', म्हणजे आकाश, असा शब्द केला. बड्या कंपन्यांतील पगार आणि लहान कारखान्यांतील पगार यांत अंतर मोठे, पहिल्या नोकरीवर पुढचे आयुष्य ठरण्याची रीत, आणि लग्नाच्या बाजारातही विद्यापीठाच्या नावाची किंमत. दार कितीही रुंद केले तरी आतल्या खोलीत पुढची रांग लागतेच, जोवर त्या रांगेच्या पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या ताटात जमीनअस्मानाचे अंतर आहे.

माझ्या मते या इतिहासाचे सार हेच आहे. कोरियातील राज्यकर्त्यांनी अर्धशतक परीक्षेला हात लावला, शाळेला लावला, शिकवणीला लावला. पण परीक्षेनंतर जे वाटले जाते त्या वाटणीला फारसा हात लावला नाही. घरातल्या माणसाला हे वाटप दिसते. मंत्र्याच्या घोषणेपेक्षा शेजारच्या दोन तरुणांचे पगार त्याला अधिक खरे वाटतात, आणि त्यावरून तो निर्णय घेतो.

याचा अर्थ कायदे व्यर्थ, असा मी काढीत नाही. १९६८ च्या निर्णयाने लाखो मुलांना शाळेचे दार उघडले. रात्री दहाच्या नियमाने निदान काही मुलांना झोप मिळाली असेल, आणि मुलाची झोप ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आपल्याकडेही जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत प्रवेश देऊ नये, असे त्यांत म्हटले. हेतू उत्तम आहे. पण कोरियाची गोष्ट ऐकल्यानंतर आपण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहू नये : सोळाव्या वर्षाआधी वर्गाचे दार बंद केले, तर रांग कोणत्या दाराशी जाऊन उभी राहील? आणि पडद्याआडची शिकवणी कोणाला परवडेल?

समोर बसलेल्या पालकांना 'शिकवणी बंद करा' असा उपदेश मी करणार नाही. तो करण्याचा अधिकार ज्याचे मूल रांगेत नाही त्याला नसतो. एवढेच सुचवितो की, आपण शिकवणी लावतो ती कोणती, हे तरी घरी बसून ठरवावे : मुलाला न कळलेले कळावे म्हणून, की शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून? पहिलीसाठी शाळेकडे हक्काने मागणी करावी. ते शाळेचेच काम आहे. दुसरीचे औषध शाळेत नाही. गावातल्या सुताराला, परिचारिकेला, प्राथमिक शिक्षकाला, गिरणीतल्या कारागिराला सुखाने संसार करता येईल एवढे वेतन आणि मान मिळतो की नाही, यावर ते अवलंबून आहे. ज्या दिवशी एक गुण हुकलेल्या मुलाच्या आईला चूल पेटवून मुळ्याचा रस आटवावा लागणार नाही, त्या दिवशी शिकवणीचा प्रश्न पुष्कळसा सुटलेला असेल. तो दिवस आणणे हे एकट्या शिक्षणखात्याचे काम नव्हे. ते आपणा सर्वांचे आहे.